नव्या प्लँट हेडला कोच मिळतो तेव्हा

लोटे-परशुराम किंवा रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत पहिल्यांदाच प्लँट हेड, म्हणजे कारखान्याचा प्रमुख, होणाऱ्याला कंपनी कोच देते: माणसं हाताळण्यातले पेच बोलून सोडवायला मदत करणारा बाहेरचा माणूस. तो साधारण सहा महिन्यांसाठी. पंधरा दिवसांतून एकदा, तास-दीड तास. घोळ सुरुवातीलाच होतो. रुजू होऊन दोन महिने उलटल्यावर कोच उगवतो, तोवर साहेब कोणाच्या गोटातले हे कँटीनमध्ये ठरून गेलेलं असतं. पहिली बैठक रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी मागून घ्या.

मग तिघांची बैठक: तुम्ही, तुमचे वरिष्ठ, कोच. एका पानावर जास्तीत जास्त तीन उद्दिष्टं आणि वरिष्ठांना काय कळेल, काय नाही, हे लिहून काढा. बैठका किती झाल्या एवढं कोचने सांगावं. प्रगती तुम्ही स्वतः, कोचच्या समोर. हे लिहिलेलं नसेल तर तिसऱ्या महिन्यात एचआरचा कोचला फोन जातो, 'माणूस कसा वाटतोय?' तो फोन झाल्याचं कळलं की तुम्ही कोचशीही गोडगोडच बोलू लागता. पैसे पाण्यात.

कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या एसीसी या पहिल्या पातळीला कोचिंगचा किमान 100 तासांचा अनुभव लागतो, त्यावरच्या पीसीसीला 500. पण रात्रपाळी म्हणजे काय हे त्यातून कळत नाही. ते कोच पक्का करण्याआधी, ओळखीच्या अर्ध्या तासात विचारा.

पहिल्या महिन्यात कोच तुमच्याबद्दल प्लँटमधल्या आठ-दहा जणांशी बोलतो, नावं झाकून. इथे कोकणचं पंचांग बघायलाच हवं. गणपतीत आणि शिमग्यात पाळी भरतानाच नाकी नऊ येतात. मासळी प्रक्रियेत 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी सोयीची, आंबा कॅनिंगला एप्रिल-मे नकोच. बोलणं मराठीत, एकेकट्याशी. इकडच्या 'बघूया'चा अर्थ बहुतेकदा 'नाही' असतो. बाहेरचा कोच तो होकार म्हणून टिपून घेतो. आणि हाताखालचे दोघेच निवडले, तर नावं झाकूनही वाक्यावरून माणूस ओळखू येतो. निदान चार तरी घ्या.

बैठकीला 'कम्युनिकेशन सुधारायचंय' असलं काही नेऊ नका. 'उद्या दहाला मेंटेनन्सच्या फोरमनना सांगायचंय की शटडाउन पुढे ढकलणार नाही,' हे न्या. ते वयाने वडिलांएवढे, सगळा प्लँट त्यांना काका म्हणतो. तुम्हीही काका म्हणता, म्हणूनच नकार घशात अडकतो. ते पहिलं वाक्य कोचसमोर मोठ्याने तीनदा बोलून बघा. बॉयलरचं काय करायचं ते मात्र कोचला विचारू नका. त्यासाठी दुसऱ्या प्लँटचा जुना हेड मार्गदर्शक म्हणून वेगळा मागा. ही दोन कामं एकाच माणसावर टाकली की निम्मे तास तांत्रिक गप्पांत जातात.

पावसात कुंभार्ली घाट अडला आणि कोच पुण्याहून येऊ शकला नाही, तर बैठक रद्द न करता ऑनलाइन घ्या. फक्त काचेच्या केबिनमध्ये बसून नको. बाहेरून सगळ्यांना चेहरा दिसतो.