जुनी गाडी रंगाला देण्याआधी या चुका टाळा: घासा कमी, उघडा जास्त

आमच्या २००३ सालच्या मारुती झेनला पूर्ण रंग दिला आणि पुढच्याच पावसाळ्यात बॉनेटवर फोड आले. दोष पेंटरचा नव्हता. घासणं, लांबी (खड्डे-पोचे भरायची पुट्टी) भरणं, प्रायमर (रंगाखालचा थर), सगळं मी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या पार्किंगमध्ये स्वतः करून गाडी त्याच्याकडे नेली होती, आणि फोड नेमके माझ्या हातकामाच्या जागी उठले होते. त्यामुळे तीच गाडी दुसऱ्यांदा तयार करावी लागली. तेव्हा कळलं की घरी काम करणारे आपण लोक घासतो गरजेपेक्षा जास्त आणि उघडतो, म्हणजे गाडीचे सुटे भाग काढतो, गरजेपेक्षा कमी.

उघडायचा कंटाळा

दरवाज्याचं हँडल, काचेखालची रबरी बीडिंग, टेल लॅम्प, वायपरचे हात, बंपर. यांच्याभोवती टेप लावून भागवलं की रंगाची कड टेपच्या रेषेवर संपते, आणि वर्षभरात तिथूनच पापुद्रा सुटायला लागतो. शिवाय गंज लपतो तो या वस्तूंच्याच खाली. आमच्या गाडीच्या पुढच्या काचेचं रबर काढलं तर कोपऱ्यात पत्र्याची चाळण झालेली. रबरात बसवलेली काच दोघांनी मिळून काढता येते. चिकटवलेली असेल तर काचवाल्यालाच बोलवा.

काढलेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर लिहा. आठ दिवसांनी काही आठवत नाही.

दोन गोष्टींना मात्र जपून. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं, स्नॅप लॉक एकदा तोडलं की पुन्हा बसत नाही. प्लेट बसायची बाकी असेल तर आधी रंग, मग प्लेट. दुसरी गोष्ट चासी नंबर. १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाला गाडी पेठ रोडच्या आरटीओत न्यायची असते, तिथे तो नंबर स्वच्छ वाचता यायला हवा. त्यावर लांबी नको, पॉलिश पेपर नको. आणि रंगच बदलणार असाल तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते.

सरसकट पत्र्यापर्यंत घासणं

कारखान्यात गाडीचा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर चढवतात. तो सांध्यांच्या आतपर्यंत पोचतो. असा थर घरी देता येत नाही. कंपनीचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा जेमतेम दहावा भाग. तो घट्ट बसलेला असेल तर ३२० च्या पेपरने (आकडा मोठा तितका पेपर बारीक) वरची चमक घालवा आणि थांबा. पत्रा उघडा करायचा तो फक्त गंज, भेगा किंवा पापुद्रे असतील तिथे.

गाडीला आधी कुणीतरी रंग दिलेला असेल तर प्रकरण वेगळं. आतल्या बाजूच्या एखाद्या कोपऱ्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा कापडी बोळा मिनिटभर दाबून धरा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला, तर त्यावर नवा रंग टाकल्यावर तोही तसाच उचलणार. तो थर काढायलाच हवा. आणि कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवरून फिरवा. जिथे ते पकडत नाही तिथे खाली जुनी लांबी आहे. आमच्या डाव्या मागच्या दारावर तळहाताएवढ्या जागेत चुंबक चिकटेचना. गाडी घेताना ‘एकही टच-अप नाही’ असं सांगितलं होतं, असो.

गंजावर लांबी

भोवतालचा रंग टोकरून पांढरा पत्रा दिसेपर्यंत मागे जायचं. पत्रा आरपार गेला असेल तर तुकडा कापून वेल्डिंग, दुसरा इलाज नाही. जाळी लावून वर लांबी थापणं म्हणजे विकायची तयारी. दाराच्या तळाशी पाणी निचरायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. माती आणि जुन्या लांबीने ती बुजली की दार आतून कुजतं. बाहेरून कितीही चांगलं काम केलं तरी फोड आतून येतो. बॅटरीखालचा ट्रे आणि डिकीतल्या स्टेपनीखालचा खळगाही बघा.

लांबी पाण्याने घासणं

माझी चूक ही. लांबी, म्हणजे पॉलिएस्टर पुट्टी, पाणी पिते. धूळ उडू नये म्हणून बरेच जण तिच्यावर वॉटर पेपर चालवतात, मीही चालवला, तोही सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने. वरून सुकली, संध्याकाळी प्रायमर मारला. फोड आल्यावर सुईने टोचून पाहिला तर आत पाणी. हे टोचून पाहणं उपयोगी आहे: पाणी निघालं तर ओल किंवा क्षार अडकलेत, तपकिरी निघालं तर खालून गंज आहे, कोरडा पोकळ निघाला तर थर नीट चिकटलेला नाही किंवा थिनर आतच कोंडलं आहे.

लांबी कोरडीच घासायची: ८० ने आकार, १८० ने सफाई, ३२० ने शेवट. हाताच्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेषा उमटतात. लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळा, गोलाईवर जुन्या रबरी चपलेचा तुकडा. थर ३ मिलीमीटरपेक्षा जाड नको. पोचा खोल असेल तर आधी ठोकून वर आणा. हार्डनर, म्हणजे लांबी घट्ट करणारी पेस्ट, लांबीच्या वजनाच्या २ ते ३ टक्के. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर बारीक छिद्रं पडतात आणि फिकट रंगाखालून डाग वर येतात. एप्रिलमध्ये मिश्रण चार-पाच मिनिटांत दगड होतं, तेव्हा लिंबाएवढंच कालवा.

वॉटर पेपर वापरायचा तो नंतर, प्रायमरवर. बोअरच्या पाण्याचा वाळल्यावर पांढरा ठसा राहतो, तोच रंगाखाली ओल ओढतो. शेवटचं धुणं तरी नळाच्या, गंगापूर धरणाच्या पाण्याने करा आणि लगेच पुसा.

आधी घासून मग तेल काढणं

क्रम उलटा हवा. डॅशबोर्ड आणि टायरच्या पॉलिशमधलं सिलिकॉन गाडीभर पसरलेलं असतं. तसंच घासलं तर ते ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग टाकताना माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. साबणाने धुणं, मग वॅक्स रिमूव्हर, मग घासणं, आणि रंगाआधी पुन्हा एकदा रिमूव्हर. एका कापडाने ओलं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने पुसायचं. रॉकेल वापरू नका, ते स्वतःच तेलकट.

चुकीचा महिना

आषाढ-श्रावणातल्या झिमझिमीत सकाळी उघडा केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पिवळा पडतो. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या दिवसांत उलट अडचण: पारा १० च्या खाली गेला की हार्डनरचं प्रायमर नीट धरत नाही. वरून कोरडं लागतं, पेपर मात्र चिकटून गोळे होतात. नाशिकला ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारी-मार्च, एवढेच दिवस माझ्या मते कामाचे. एप्रिल-मे मध्ये वारा आणि धूळ. कधीही करा, पण दिवसभरात प्रायमरखाली झाकता येईल तेवढाच पत्रा उघडा करा.

कापडी मास्क

लांबीच्या धुळीला चांगला डस्ट मास्क लागतो. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या, प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो, आणि वास आला नाही म्हणून धोका नाही असं होत नाही. माझं मत: उघड्या पत्र्याच्या ठिपक्यांवर इपॉक्सी प्रायमर ब्रशने लावा, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. स्प्रे गनने मारायचं काम पेंटरच्या बंदिस्त बूथसाठी ठेवा. पार्किंगमध्ये गन चालवली तर शेजारच्या गाडीवर बसलेल्या कणांचं भांडणही वेगळं.

पेंटरला शेवटी विचारणं

हे खरं तर सगळ्यात आधी करायचं. कोणत्या प्रायमरवर त्याचा रंग बसतो, शेवटचा पेपर ४०० हवा की मेटॅलिकसाठी ८००, घरच्या कामावर तो कसली हमी देणार आणि कसली नाही, हे पेपर हातात घ्यायच्या आधी ठरवा. तारीखही तेव्हाच घ्या, दसरा-दिवाळीच्या तोंडावर कुणी मोकळा नसतो. एरवी गाडी प्रायमरवर आठ-दहा दिवस उभी राहते. प्रायमर-सरफेसर स्पंजासारखं पाणी ओढतं, ताडपत्री घातली तर खाली दव साचतं. दुसऱ्या वेळी मी शनिवारी शेवटचा पेपर मारला, आणि सोमवारी सकाळी नऊला, ऊन पडल्यावर, गाडी अंबडला पेंटरकडे नेऊन सोडली.