आयपी बदलता असला तरी घरचा वेब सर्व्हर कसा चालवायचा

घरी जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय पडून आहे आणि त्यावर स्वतःची छोटी साइट, घरच्या फोटोंची गॅलरी, सोसायटीच्या नोटिशींचं पान असं काहीतरी टाकायचं मनात आहे, तर बहुतेक जण पहिल्याच वाक्यावर अडतात, "पण आपल्याकडे स्टॅटिक आयपी कुठेय", म्हणजे इंटरनेटवरचा कधी न बदलणारा पत्ता. बदलत्या आयपीचं काम तास-अर्ध्या तासात होतं आणि तेही फुकटात. खरी अडचण वेगळी आहे, तो आयपी तुमच्या एकट्याचा आहे का ही, आणि ते आधी बघितलं नाही तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून क्रम चुकवू नका.

सगळ्यात आधी आयपी तपासा

राउटरचं पान उघडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की बहुतेक वेळा उघडतं, पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. तिथे स्टेटस किंवा वॅन (राउटरची इंटरनेटकडची बाजू) असा भाग दिसेल, त्यातला आयपी कागदावर लिहून घ्या. मग आपला आयपी दाखवणारी कुठलीही साइट उघडा आणि तिथला चार आकड्यांचा, म्हणजे आयपीव्ही४ पत्ता बघा. दोन्ही सेम असतील तर काम सोपं आहे, खाली चला.

वेगळे असतील आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यामधल्या कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक घरांत वाटलेल्या एका पत्त्याच्या, मागे आहात. हे आकडे २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवलेत. काही इंटरनेट कंपन्या यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. कारण साधं आहे, आयपीव्ही४ चे एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी, आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला, त्यामुळे कंपनी एकाच पत्त्यामागे बरीच घरं बसवते. अशा वेळी तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट (बाहेरून आत यायची नंबर दिलेली दारं) उघडा, बाहेरून येणारा माणूस कंपनीच्या दारातच थांबतो.

वॅनमध्ये १९२.१६८ दिसत असेल तर मात्र घाबरू नका, बहुतेक तुमचा राउटर कंपनीच्या फायबरच्या डब्याच्या मागे लावलेला असतो. त्या डब्याचं पान बघा, नाहीतर तो ब्रिज मोडवर (म्हणजे बाहेरचा पत्ता थेट राउटरला मिळेल असा) करून द्या असं कंपनीच्या माणसाला सांगा.

सीजीनॅट निघालाच तर तीन वाटा आहेत. एक, कंपनीला फोन करून पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागा, बरेच लोकल फायबरवाले महिन्याला थोडे जास्त पैसे घेऊन देतात. दोन, आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, तो सीजीनॅटवाल्या कनेक्शनवरही पुष्कळदा मिळतो आणि त्यात प्रत्येक मशीनला स्वतःचा खरा पत्ता असतो, फक्त बघणाऱ्याकडेही आयपीव्ही६ पाहिजे. तीन, क्लाउडफ्लेअर या कंपनीचा टनेल, यात तुमचंच मशीन बाहेर जाऊन कनेक्शन धरून ठेवतं त्यामुळे पोर्टही उघडावा लागत नाही आणि आयपी बदलला तरी फरक पडत नाही, पण कायमस्वरूपी टनेलला स्वतःचं डोमेन (साइटसाठी घेतलेलं नाव) लागतं आणि सगळं ट्रॅफिक त्यांच्याकडून जातं. माझं मत विचाराल तर पब्लिक आयपी मिळत असेल तर तोच घ्या, आपल्या सर्व्हरवर आपला पूर्ण ताबा असणं यातच तर सगळी मजा आहे.

घरातला पत्ता पक्का करा

बाहेरचा आयपी बदलतो तसा घरातलाही बदलू शकतो हे लोक विसरतात. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा अॅड्रेस रिझर्व्हेशन शोधा, सर्व्हरचा मॅक अॅड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डचा नंबर) निवडून त्याला एक पत्ता बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. शक्यतो सर्व्हर वायफायवर ठेवू नका, लॅनची केबलच लावा.

सर्व्हर आणि पोर्ट

लिनक्सवर कॅडी हा वेब सर्व्हरचा प्रोग्राम टाका असं मी सांगेन. एनजिनएक्सही उत्तम आहे पण नवीन माणसाला कॅडी बरा पडतो कारण एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट तो स्वतःच लेट्स एनक्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून आणतो आणि स्वतःच रिन्यू करतो, ही सर्टिफिकेटं सध्या ९० दिवसांची असतात आणि हाताने करायची म्हटली की हमखास राहून जातात. कॅडीच्या फाइलमध्ये फक्त साइटचं नाव, फोल्डर आणि फाइल सर्व्हर चालू करायची एक ओळ, बास.

मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगला (काही राउटरमध्ये व्हर्च्युअल सर्व्हर असं लिहिलेलं असतं) ८० आणि ४४३ हे दोन पोर्ट १९२.१६८.१.५० कडे वळवा. फक्त दोनच. पटकन होतं म्हणून डीएमझेड चालू करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्याने मशीनचे सगळेच पोर्ट जगाला उघडे पडतात. एसएसएचचा (दुसरीकडून मशीनवर काम करायच्या सोयीचा) २२ नंबरही बाहेर उघडू नका, आणि राउटरचं पान बाहेरून उघडायची सोय चालू असेल तर बंद करा. पोर्ट उघडल्यावर थोडा वेळ सर्व्हरचा लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंद) बघत बसा म्हणजे हे का सांगतोय ते कळेल, साइटचा पत्ता कोणालाच दिलेला नसतो तरी कुठूनकुठून बॉट येऊन वर्डप्रेसचं लॉगिन पान, पासवर्डच्या फाइली असं काय काय मागत असतात. नुसत्या एचटीएमएल पानांच्या साइटला त्याने काही होत नाही, पण अपडेट वेळच्या वेळी करत चला.

आता बदलता आयपी

यासाठी डायनॅमिक डीएनएस, म्हणजे एक नाव कायम तुमच्या सध्याच्या आयपीकडे वळवून ठेवणारी सेवा. डकडीएनएसवर खातं उघडा, पाच नावं फुकट मिळतात, तुमचं एक नाव घ्या आणि तिथे दिसणारा टोकन जपून ठेवा, तो ज्याच्या हाती गेला तो तुमचं नाव स्वतःच्या मशीनकडे वळवू शकतो. त्यांच्याच पानावर लिनक्ससाठीची कर्ल या कमांडची तयार ओळ दिलेली आहे, ती एका छोट्या स्क्रिप्टमध्ये टाका, नाव आणि टोकन भरा, आयपीची जागा रिकामीच सोडा, म्हणजे विनंती जिथून आली तो पत्ता ते आपोआप धरतात. स्क्रिप्ट एकदा हाताने चालवून बघा, उत्तरात ओके आलं तर झालं, केओ आलं तर नाव किंवा टोकन चुकलाय. मग क्रॉनमध्ये (लिनक्सवर ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) दर पाच मिनिटांनी चालेल असं लावा. आयपी बदलला तरी साधारण पाच-सहा मिनिटांत नाव नव्या पत्त्यावर जातं.

राउटरमध्येच डीडीएनएसचा (म्हणजे डायनॅमिक डीएनएसचा) मेनू असेल तर तोही चालतो, पण नो-आयपी या सेवेचं फुकट नाव दर ३० दिवसांनी कन्फर्म करावं लागतं हे लक्षात ठेवा, आणि जुन्या लेखांमध्ये डिन या अशाच सेवेचं नाव वाचलं तर त्यांची फुकट सेवा २०१४ मध्येच बंद झालीये. स्वतःचं डोमेन असेल तर त्याच्या सबडोमेनचं सीनेम रेकॉर्ड (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) डकडीएनएसच्या नावाकडे करा, लोकांना तुमचंच नाव दिसेल. मग तेच नाव कॅडीच्या फाइलमध्ये टाकून कॅडी रीलोड करा.

तपासताना घरच्या वायफायवरून बघू नका, बऱ्याच राउटरना आतून बाहेर जाऊन परत आत येणं जमत नाही आणि साइट चालू असूनही बंद वाटते. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर उघडा.

लाइट गेली तर

आपल्याकडे आयपी बदलतो तो जास्त करून याच वेळी, लाइट जाते, राउटर बंद पडतो, परत आली की नवा पत्ता. फायबरचा डबा, राउटर आणि सर्व्हर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, एक जरी सुटला तरी उपयोग नाही. रास्पबेरी पाय वीज आली की स्वतः सुरू होतो, डेस्कटॉपला बायोसमध्ये तशी सेटिंग करावी लागते. जुन्या लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो पण चोवीस तास चार्जिंगवर राहून बॅटरी फुगू शकते, अधूनमधून खालून हात लावून बघा, फुगलेली दिसली तर वापरणं थांबवून लगेच काढून टाका.

सगळं लावून झालं की राउटर मुद्दाम बंद करा, थोड्या वेळाने चालू करा, वॅनचा आयपी बदललाय का बघा आणि दहा मिनिटांनी मोबाइल डेटावरून साइट उघडा. उघडली नाही तर आधी क्रॉन चालतोय का बघा, मग डकडीएनएसच्या पानावर दिसणारा आयपी वॅनच्या आयपीशी जुळवा, बहुतेक वेळा गडबड याच दोन ठिकाणी सापडते.