रेस्टॉरंटमधला गोंगाट कमी करायचाय? आधी छताकडे बघा

अ‍ॅकूस्टिक पॅनेल म्हणजे छताला किंवा भिंतीला लावायचा, कापडाने मढवलेला मऊ, सच्छिद्र तक्ता. तो आवाज अडवत नाही, शोषतो. वरच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार करत असतील तर त्यावर जड बांधकाम आणि बुजवलेल्या फटी हा उपाय आहे, पॅनेल नव्हे. इथे विषय हॉलमधल्या कलकलाटाचा. टाइल्स, काच, जिप्समचं गुळगुळीत छत हे सगळं आवाज परत फेकतं. मग शेजारच्या टेबलावर मात करायला प्रत्येक टेबल आणखी मोठ्याने बोलू लागतं. एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये यावर लिहिलं, म्हणून त्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात.

हॉल रिकामा असताना, एसी आणि संगीत बंद करून, आवाज किती वेळ घुमतो ते मोजा. मोबाइलवरचं अ‍ॅप आणि एक फुगा पुरे. फुगा फोडल्यावर आवाज ६० डेसिबलने उतरायला किती सेकंद लागतात, तो आकडा लिहून ठेवा.

आता खरी मेख: पॅनेल किती लावायची? मलाही ही पायरी बऱ्याच उशिरा उमगली, कारण सल्ला देणारा प्रत्येक जण ‘चार-पाच लावून बघा’ एवढंच सांगतो. लावून बघू नका, हिशेब करा. वॉलेस सॅबाइन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचं सूत्र शंभर वर्षांहून जुनं आहे आणि आजही चालतं. हॉलचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि सेकंदांनी भागा. हॉलचं आत्ताचं शोषण चौरस मीटरमध्ये कळतं, म्हणजे सगळा आवाज गिळणाऱ्या किती चौरस मीटर पृष्ठभागाइतकं हॉल शोषतो ते.

समजा हॉल १० मीटर लांब, ८ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच आहे. घनफळ २८०. घुमण्याचा काळ १.४ सेकंद आला तर शोषण साधारण ३२ चौरस मीटर. तो ०.७ वर आणायचा तर ६४ हवं, म्हणजे आणखी ३२. चांगलं पॅनेलही शंभर टक्के शोषेल असं धरू नका, ०.९ (नव्वद टक्के) धरलं तर सुमारे ३६ चौरस मीटर पॅनेल लागतात. जवळजवळ अर्धं छत! दोन बाय चार फुटांची चार पॅनेल म्हणजे जेमतेम ३ चौरस मीटर. ती लावून घुमणं १.४ वरून १.३ वर येतं. गिऱ्हाइकाला काडीचाही फरक कळत नाही आणि मालक म्हणतो, पॅनेल कुचकामी.

शोषण दुप्पट केल्यावर कागदावर ३ डेसिबलच कमी होतात, हे खरं. पण लोक आपसूक हळू बोलू लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त फरक पडतो.

जाडीवर तडजोड नको. ५० मिलिमीटर ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची लोकर) घ्या आणि छतापासून तेवढंच तरी अंतर सोडा. ही मोकळी जागा फुकट मिळते आणि खर्जातले आवाज तिच्यामुळेच जास्त शोषले जातात. पातळ फोम फक्त तीक्ष्ण आवाज खातो, बोलण्यातली घुमणारी गुणगुण तशीच राहते. अंड्यांचे ट्रे लावा म्हणणाऱ्याशी वादही घालू नका. पॅनेलवरचं कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली नाही तर ते कापड बाद. रेक्झिन तर नकोच.

भिंतींवर नंतर या. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, समोरासमोरच्या दोन भिंतींऐवजी एकमेकींना लागून असलेल्या दोन भिंतींवर लावा.

आगीच्या बाबतीत मी ऐकूनच घेत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये भिंतींवरच्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. अग्निरोधक चाचणीचा कागद हातात आल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका. छतावरचे स्प्रिंकलर, म्हणजे आग विझवणारे पाण्याचे फवारे, झाकू नका. खुल्या स्वयंपाकघराजवळ तेलकट धूर कापडात मुरतो, तिथे पुसता येणारी पॅनेलच लावा.

बसवून झाल्यावर पुन्हा फुगा फोडा, आकडा पडताळा, मगच कंत्राटदाराचे उरलेले पैसे द्या. पुढे पॅनेल मळली की रंगारी ‘एक हात मारून देतो’ म्हणेल. त्याला हात लावू देऊ नका: रंगाने छिद्रं बुजतात आणि पॅनेल पुन्हा भिंतीसारखं आवाज परत फेकू लागतं. कापड बदला.