गारगोटीच्या शिरेत सोनं शोधताय? या चुका टाळा

शिरेत, म्हणजे खडकातली भेग भरून झालेल्या पट्ट्यात, पांढरीशुभ्र गारगोटी म्हणजेच क्वार्ट्‌झ दिसली की विद्यार्थी कडेचा काळपट खडक फोडून टाकतात आणि मधला स्वच्छ तुकडा पिशवीत घालतात. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

एकाने आठवडाभर उन्हात हिंडून चाळीसेक नमुने आणले, सगळे दुधासारखे. तपासणीत सोनं जवळजवळ नव्हतंच. 'शीर वांझ आहे', म्हणजे तिच्यात सोनं नाही, असं अहवालात लिहूनही झालं होतं. मी त्याला त्याच जागी परत नेलं आणि शिरेला चिकटलेला बोटभर खडक काढायला लावला. त्यात आर्सेनोपायराइट, म्हणजे लोह, आर्सेनिक आणि गंधकाचं खनिज, चमकत होतं. सोनं त्या पट्ट्यातच निघालं.

अशा शिरा तयार होताना खोलातून येणाऱ्या पाण्याचं तापमान साधारण 250 ते 400 अंश सेल्सिअस असतं. सोनं त्यात गंधकाच्या आधाराने विरघळलेलं असतं. भोवतालच्या खडकात लोह भरपूर असलं, जसं कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या पट्ट्यातल्या अँफिबोलाइट या काळपट खडकात आहे, तर ते गंधक ओढून घेतं, पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज तयार होतं आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच बसतं. म्हणून मी नेहमी शीर आडवी छेदून, दोन्ही काठांना वीतभर खडक घेऊन नमुना काढतो. ओझं वाढतं. वाढू द्या.

शिरेच्या आतही सोनं असतं, पण एकसंध पांढऱ्या क्वार्ट्‌झपेक्षा बारीक काळ्या रेघांच्या पट्टेदार क्वार्ट्‌झकडे मी आधी वळतो. भेग उघडते, दाब एकदम उतरतो, क्वार्ट्‌झ साचून भेग बुजते, दाब पुन्हा चढतो. असं अनेकदा घडल्याची खूण म्हणजे त्या रेघा.

वितळलेलं सोनं भेगेत ओतलं गेलं, असं लिहू नका. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांतले स्फटिक सोन्यासाठी फोडू नका.

आणि घाई करणाऱ्यांसाठी: क्वार्ट्‌झमध्ये अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांवर तापमान मोजताना दिसेल तो थेंब घेऊ नका. रांगेत बसलेले थेंब बहुधा नंतर बुजलेल्या तड्यांतले असतात. ते सोन्याच्या वेळचं तापमान सांगत नाहीत. शिवाय थेंब आधी गोठवा (क्षारता त्यातून कळते), मग तापवा. उलट केलंत आणि थेंब फुटला, तर त्याची क्षारता मोजण्याची संधी कायमची गेली.