पेनांगची यादी, नौपाड्यातून

गेल्या दिवाळीत आम्ही मलेशियातल्या पेनांग बेटावर जाऊन आलो आणि तेव्हापासून इथे ठाण्यात लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, गडकरी रंगायतनला नाटकाच्या मध्यंतरात एकच प्रश्न कानावर येतो, "काय काय न्यायचं हो?" प्रत्येकाला तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहतंच, म्हणून एकदाचं लिहून काढतेय. आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि त्र्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्यामुळे या यादीत गुडघे आणि गोळ्या जरा जास्त येतील, सांभाळून घ्या.

बॅग काढायच्या आधी कॅलेंडर काढा. मुलांना सुट्टी म्हणून आपण सगळे दिवाळीकडे बघतो आणि पेनांगात ऐन तेव्हाच पावसाचा जोर असतो. दुपारी तीनला आभाळ फाटतं, तासाभरात ऊन. जमत असेल तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. त्यातही चिनी नववर्षाचे पहिले दोन-तीन दिवस टाळा, निम्म्या खाऊगाड्यांना कुलूप असतं. उलट थैपुसम या मुरुगनच्या उत्सवाच्या सुमारास जात असाल तर गर्दी सोसून थांबा. तिथले तमिळ लोक मुरुगनच्या रथापुढे रस्त्यावर नारळांचा अक्षरशः खच पाडतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या साइट पैसे मागतात, आमच्या धाकट्या दिराने तिथे पैसे घातले. वडीलधाऱ्यांच्या जुन्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा शेरा, असेल तर घाबरू नका. मलेशिया त्या देशांच्या यादीत आहे खरा, पण नोकरीला नव्हे, फिरायला जाणाऱ्याला वेगळी परवानगी लागत नाही. फक्त परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून हाताशी ठेवा. ऐन काउंटरवर सासूबाईंना मोबाइल उघडायला लावू नका.

मुंबईहून पेनांगला आम्हाला थेट विमान मिळालं नाही. बहुतेक लोक क्वालालंपूरला उतरून दुसरं विमान पकडतात. आम्ही तिथून ट्रेनने बेटासमोरच्या बटरवर्थला गेलो आणि स्टेशनला लागूनच असलेल्या धक्क्यावरून फेरी घेतली. चार तास जास्त गेले, पण बंदराच्या गावात पाण्यावरूनच शिरावं. समोर जॉर्ज टाउनचे, म्हणजे पेनांगच्या मुख्य शहराचे, गोदामासारखे बैठे इमले, मागे उंच टॉवर आणि त्याच्याही मागे हिरवी टेकडी, हे चित्र पंधरा-वीस मिनिटं हळूहळू मोठं होत जातं. थोरला म्हणाला, "आई, घोडबंदर." अगदीच चूक नव्हतं.

आता एक काम ज्याला लोक हसतात. निघायच्या आधीच्या रविवारी ठाण्यातच रंगीत तालीम करा. पेनांगला जे बूट-चपला नेणार त्याच घालून सकाळी चेंदणी कोळीवाड्यातून निघा, जांभळी नाक्याच्या गर्दीतून कोपिनेश्वराला जा, तलावपाळीवर सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च बघा, टेंभी नाक्याला १८७९चं सिनेगॉग बाहेरून बघून परत या. देवळात चप्पल काढा, घाला. दीड-दोन तासांत कळतं की कुठला पट्टा चावतो आणि कोण कुठे बसकण मारतं. सासूबाईंचे नवेकोरे स्पोर्ट्स शूज या तालमीतच बाद झाले, कारण वाकून नाडी सोडणं त्यांना जमेना. वेलक्रोच्या सँडल घेतल्या आणि त्याच शेवटपर्यंत टिकल्या.

तालमीचा दुसरा फायदा मुलांना झाला. आपलं जुनं ठाणं साष्टी बेटावरचं बंदर आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. १७३७ला मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला ठाण्याचा किल्ला १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. त्यानंतर बारा वर्षांनी, १७८६ला, त्याच ईस्ट इंडिया कंपनीसाठी फ्रान्सिस लाइटने पेनांग बेटावर झेंडा रोवला. आपल्या किल्ल्यात आज तुरुंग आहे, आत जायचं म्हणजे पंचाईत. तिथला फोर्ट कॉर्नवॉलिस तिकीट काढून बघता येतो. ज्याच्याबरोबर पेशव्यांनी टिपूविरुद्ध हातमिळवणी केली, तोच हा कॉर्नवॉलिस. या किल्ल्यावर लढाई मात्र एकही झाली नाही. तिथले सुरुवातीचे रस्ते बांधायला हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदी होते, हेही मुलांना सांगून ठेवा.

राहायची जागा ठरवताना मी चुकले, तुम्ही चुकू नका. जॉर्ज टाउनात जुन्या दुकान-घरांची हॉटेलं झाली आहेत. खाली फरशीचा चौक, वर लाकडी खोल्या, फोटोत जीव जडावा अशी. आम्ही अशाच एकात उतरलो. लिफ्ट नाही, जिना शिडीसारखा उभा, आणि मालक फक्त "सॉरी, हेरिटेज" म्हणत हसत होता. सासूबाई पहिल्या रात्री चढल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारीच उतरल्या. तेव्हा बुकिंगच्या आधी मेसेज करून "तळमजल्याची खोली आहे का?" एवढं विचारा. परदेशी पाहुण्यांकडून दर खोलीमागे रात्रीला दहा रिंगिट पर्यटन कर घेतात, तो बऱ्याचदा बुकिंगच्या पैशांत धरलेला नसतो.

ही घरं टिकली कशी, ते ऐकाल तर जुन्या ठाण्यातले भाडेकरू मान डोलावतील. १९६६च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांना पाडून बांधण्यात रस उरला नाही, आणि चाळींसारखी अख्खी शहरवस्ती जशीच्या तशी राहिली. कायदा २०००मध्ये उठला. तोवर बरीच घरं वाचली होती. २००८ला मलाक्का शहरासोबत युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं आणि मग कॅफे, भित्तिचित्रं, आपल्यासारखे पाहुणे. जुने भाडेकरू कुठे गेले, हे एका दुकानदाराला विचारलं तर त्याने नुसता खाडीपलीकडे हात केला.

सामानाची चाकं मोठी हवीत. दुकानांपुढे पाच फुटी ओसऱ्या आहेत, ऊन-पाऊस लागत नाही, पण दर दुकानाशी फरशीची उंची बदलते, मधेच स्कूटर, मधेच पायरी. आमच्या बॅगेचं एक चाक तिथेच राहिलं. छत्री माणशी एक, रेनकोट नको, त्यात माणूस उकडून निघतो. पंचा किंवा पातळ ओढणी पिशवीत असू द्या. जुन्या पिट स्ट्रीटवर १८०१ची कपितान केलिंग मशीद, चिनी क्वान यिन देऊळ, १८१८चं सेंट जॉर्ज चर्च आणि मागच्याच गल्लीत १८३३चं महामारिअम्मन देऊळ असं सगळं चालण्याच्या अंतरात आहे. डोकं-खांदे झाकायला ती ओढणीच उपयोगी पडते.

पोटाची तयारी सगळ्यात जास्त करा. मांसाहारी असाल तर सुखी आहात. 'चार क्वे टिआव' या परतलेल्या नूडल्समध्ये कोळंबी, शिंपले आणि बऱ्याचदा डुकराची चरबी, 'आसाम लाक्सा' या रश्श्यातल्या नूडल्समध्ये बांगड्यासारखी मासळी आणि चिंचेचं आंबट, 'नासी कंदार'ला भातावर हव्या त्या रश्शांची गर्दी. शाकाहारी माणसाने मात्र 'बेलाचान' हा शब्द पाठ करावा. हा कोळंबीचा आंबवलेला लगदा, आपल्या जवळ्याचा चुलतभाऊ, आणि तो भाजीतही असतो. रोजाक या फळांच्या कोशिंबिरीतसुद्धा! सासूबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, म्हणाल्या, "चेंदणीचा वास कसा काय येतोय गं?" त्यांचं जेवण मग लिटल इंडियात, मार्केट स्ट्रीटच्या आसपास केळीच्या पानावर. मधुमेह असेल तर 'तेह ओ कोसोंग' म्हणजे दूध-साखर नसलेला चहा, हे चिठ्ठीवर लिहून द्या. नुसता चहा मागाल तर कंडेन्स्ड मिल्कचं सरबत हातात येईल.

घरून खाऊ न्यायचा तर चिवडा, शंकरपाळे, मेतकूट, थेपले. अनारसे मात्र घरीच ठेवा, विशेषतः सिंगापूरमार्गे जात असाल तर. तिथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते. आमचा डबा निघायच्या आदल्या रात्री उघडून मी अनारसे शेजारी दिले. खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या, या बाबतीत दोन्हीकडचे कायदे फार कडक आहेत.

किरकोळ राहिलेलं: ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर, गाड्यांवर द्यायला रिंगिटच्या छोट्या नोटा, ओडोमॉस, आणि ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपचं खातं इथेच उघडून ठेवणं, तिथे ओटीपीसाठी झगडायला नको. घड्याळ अडीच तास पुढे. टेकडीवरच्या रेल्वेला सकाळी पहिल्या फेरीत जा, शनिवार-रविवार नको. च्यू जेट्टीवर, म्हणजे पाण्यात खांब रोवून बांधलेल्या लाकडी वस्तीत, लोक खरोखर राहतात. दारातून फोटो काढण्याआधी विचारा.

यांच्यासारखा कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस बरोबर असेल तर विमानतळाजवळून जाताना खिडकीची जागा त्याला द्या. १९६९ला पेनांगचा मुक्त बंदराचा दर्जा गेला, बेकारी आली, आणि १९७२ला बायान लेपासला निर्यातीच्या कारखान्यांसाठी मोकळीक देऊन इंटेलसारख्यांना आणलं. ते कारखाने अजून चालू आहेत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या बंद फाटकांवरून रोज ये-जा करणारे आमचे हे बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि येताना बॅगेत दोन किलोची जागा मोकळी सोडा. आपण जायफळाची बी आणि जायपत्री वापरतो. तिथे फळाचा गर साखरेत मुरवून, वाळवून पुड्यांत विकतात, आंबटगोड आणि किंचित झणझणीत. मी चारच पुड्या आणल्या आणि भाऊबीजेलाच संपल्या.