लेक्चरं साठत गेली की काय करायचं

दुसऱ्या सेमिस्टरला माझी 14 ऑनलाइन लेक्चरं बघायची राहिली होती. रोज लॅपटॉप उघडायचे, तो आकडा बघायचे आणि बंद करायचे. आळस म्हणावा, तर त्याच दिवसांत मी रात्री जागून गणितं सोडवत होते. वर्गातल्या सहा जणांना विचारलं. विषय अवघड जातो असं एकानंच सांगितलं. बाकीच्यांचं म्हणणं फिरून फिरून एकच: मी वर्गात असलो काय, नसलो काय, कुणाला कळतच नाही.

म्हणून आधी एक जोडीदार शोधा. ग्रुप नको, तिथे सगळेच गप्प बसतात. वेळ ठरवून दोघांनी आपापल्या घरी एकच लेक्चर लावायचं आणि संपल्यावर दहा मिनिटं फोनवर बोलायचं. मी आधी मैत्रिणीखातर बसायला लागले, विषयाची गोडी मागून आली. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेमागे तीन गरजा सांगितल्या आहेत: आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि माणसांशी जोडलेलं असणं. ऑनलाइन शिकताना तिसरी मुद्दाम उभी करावी लागते.

'जमतंय' हे कळण्यासाठी लेक्चर संपलं की वही मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. पहिल्या दिवशी मला तीनच ओळी आल्या, फार वाईट वाटलं. तरी सोडू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे.

साठलेल्याचं म्हणाल तर आजचं लेक्चर आधी. पहिल्यापासून धरलंत तर कायम मागेच राहाल आणि शंका विचारायची वेळ निघून जाईल. जुन्यातलं दिवसाला एकच, तेही आजचं समजायला लागणार असेल ते. माझी पाच लेक्चरं शेवटपर्यंत बघायची राहिलीच. नोट्स वाचून भागलं.

जोडीदार मध्येच दिसेनासा झाला तर जाब विचारू नका. माझी मैत्रीण तिसऱ्या आठवड्यात गप्प झाली, तेव्हा 'आज सहाला लावतेय' एवढाच मेसेज मी रोज टाकत राहिले. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.