बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग तपासा

चावी फिरवली की नुसतं टक्-टक्, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि सेल्फ काही फिरत नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. कृपया घाई करू नका. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर करंट लागतो आणि तो सगळा इंजिनच्या धातूतून, अर्थ वायरमधूनच बॅटरीच्या निगेटिव्हला परततो. ही वायर गंजली किंवा तिचा बोल्ट सैल झाला, की चांगली बॅटरीही हतबल होते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे हमखास होतं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आसपास राहिला तर अर्थिंग ठीक, ०.५ च्या वर गेला तर दोष तिथेच.

मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या जाड धातूला लावा. गाडी लगेच सुरू झाली? मग चोर सापडला.

दुरुस्तीला पॉलिश पेपर पुरतो. आधी निगेटिव्ह टर्मिनल काढा, वायरचा लग (टोकाची धातूची कडी) आणि त्याखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली. लगजवळ वायर हिरवी पडून तारा तुटल्या असतील तर मात्र नवीनच टाका.